जर्मनचा कटर

धनतेरसला आठ दिवस राहिले होते. माझ्या गाडीचं हेड त्याच्या बाकड्यावर फडक्याखाली झाकून पडलं होतं, आणि हा माणूस खाली पाटावर बसून बायकोच्या पातेल्याचा काठ कोरत होता. मी दारातूनच विचारलं, "मिस्त्री, माहं हेड?" मान वर न करता म्हणाला, "कटर पाहून राह्यलो." काल हेच, परवाही हेच. आठवडाभर मी रोज सकाळी सायकल मारत त्याच्याकडे जायचो, हेच तीन शब्द ऐकायचो आणि डोकं फिरवून घेऊन घरी यायचो. आज इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की कपाळाची शीर ताठते.

पुलगावात स्टेशनच्या अलीकडे एका गल्लीच्या टोकाला त्याची टिनाची शेड होती. मागं घर. गावात सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत, मीही तेच म्हणतो. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं काटक, खाकी अर्धी पँट, वर बंडी, आणि बंडीच्या खिशात कायम एकदोन कटर, म्हणजे यंत्राला लावून धातू कोरायची बोटभर दातेरी टोकं. लोक खिशात सुपारी ठेवतात, हा कटर ठेवायचा. बोलता बोलता एक काढायचा, अंगठ्यानं त्याचे दात चाचपायचा आणि समोरच्याचं बोलणं कुठवर आलं ते विसरून जायचा.

आधी तो एका गिरणीत होता, फिटिंग खात्यात. चांगली पक्की नोकरी. एक दिवस फोरमननं त्याच्या हातात नवा कटर दिला आणि म्हटलं, याच्यानं काम करा. ह्यानं तो उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाला, "साहेब, याचा स्वभाव बरा नाई." फोरमन म्हणाला, तुम्हाला काम करायला ठेवलंय, कटरची पत्रिका पाहायला नाही. झालं! मिस्त्रीनं कटर फोरमनच्या टेबलावर ठेवला, दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि घरी निघून आला तो परत गेलाच नाही. दोन पोरी पदरात, आणि हा गडी कटरच्या स्वभावावरून नोकरी सोडतो! मी त्याला एकदा विचारलं होतं, पुढं त्या कटरचं काय झालं? तर शांतपणे म्हणाला, "तुटला असन."

आता त्याचं काम काय, ते सांगतो. मोटरसायकलच्या इंजिनावर फासळ्या फासळ्यांचं जे डोकं बसवलेलं असतं, ते हेड. आमच्या साडेतीनशे सीसीच्या गाडीचं हेड अॅल्युमिनियमचं. आमच्याकडे अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, आणि मिस्त्रीच्या तोंडी जर्मनचं हेड. या हेडाच्या पोटात दोन वाटा असतात. एकीतून पेट्रोल आणि हवा आत जाते, दुसरीतून धूर बाहेर पडतो. कारखान्यातून येताना या वाटा आतून खडबडीत असतात, कुठं उंचवटा, कुठं पायरी. त्या आतून कोरून मोकळ्या केल्या की तीच गाडी निराळी धावते. हे काम वर्ध्यापासून बडनेऱ्यापर्यंत त्याच्यासारखं कोणी करत नसे. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, मग गेलास कशाला मरायला त्याच्याकडे?

तर गेलो यासाठी. मी तेव्हा टॉकीजवर रिळं वाहायचो. पंचाहत्तर-शहात्तरचा सुमार असेल. शेठचं एक टॉकीज पुलगावात, दुसरं देवळीला, आणि चित्रपटाची पेटी मात्र एकच यायची. पुलगावात सहाचा खेळ सुरू व्हायचा. मध्यंतर झालं की पहिल्या अर्ध्याची रिळं गाडीच्या मागच्या पेटीत टाकून मी देवळी गाठायचो, तिथं खेळ सुरू करून द्यायचा, लगेच पुलगावला परत, आणि उरलेली रिळं घेऊन पुन्हा देवळी. पोहोचायला पाच मिनिटं उशीर झाला की देवळीचं पब्लिक शिट्ट्या मारायचं, दहा मिनिटं झाला की खुर्च्या उचलायचं. गाडी शेठची, जुनी. भरलेल्या पेटीनिशी चढाला लागली की ती धापा टाकायची. त्या वर्षी गणपतीत तीनदा उशीर झाला आणि सात खुर्च्या मोडल्या.

शेठनं मला गल्ल्याजवळ उभं करून सांगितलं, "देख, दिवाली में नया पिक्चर है. दिवाळीत एक दिवस जरी रीळ लेट गेलं, तर काम जीपवाल्याला. समझ गया?" समजलं, न समजायला काय झालं! माझं लग्न होऊन सहा महिने झाले होते आणि बायकोला दिवस गेले होते. हे काम गेलं असतं तर मला सासऱ्याच्या शेतावर जाऊन राहावं लागलं असतं, आणि सासरा लग्नाच्या पहिल्या दिवसापासून त्याचीच वाट पाहत होता.

दिवाळीआधी देवळीचं टॉकीज रंगासाठी पंधरा दिवस बंद राहणार होतं. शेठला मी विनवलं, तेवढ्या दिवसांत गाडीचं हेड मिस्त्रीकडून करून घेतो, गाडी पळेल. शेठनं दहा वेळा बजावलं, "हेड खराब नाई झालं पाह्यजे. दुसरं हेड नंबर लावून सहा-सहा महिने मिळत नाही." मी म्हटलं, मिस्त्रीच्या हातून आजवर एक हेड खराब झालेलं नाही. ते खरंच होतं. मिस्त्री स्वतःबद्दल दुसरं काही कधी बोलत नसे, पण हे एक वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणायचा. हेड मी त्याच्या हातात दिलं. त्यानं करंगळी वाटेत घातली, डोळे मिटले, आणि म्हणाला, "गाडीत जोर हाये, पन तिले श्वास घ्याले जागा नाई. होईन. उलीसा टाइम दे."

उलीसा टाइम! उलीसा म्हणजे थोडासा, पण त्याचा थोडासा केवढा ते मला तेव्हा ठाऊक असतं, तर हेड घेऊन तिथूनच पळालो असतो.

पहिले दोन दिवस त्यानं मला नुसतं दातपुराण ऐकवलं. "पाह्य बावा, लोखंड भांडते. तू जोर करशीन, थेही जोर करन, पन कापू देते. जर्मन भांडत नाई. थे गोड गोड चिकटते अन् कटरचे दात भरून टाकते. दात भरले का कटर कापत नाई, घासते. घासला का तापते. तापला का पकडते. अन् पकडला का तुह्या हातातून गेला." म्हणून जर्मनचा कटर निराळा पाहिजे. दात थोडे पाहिजेत, मोठे पाहिजेत, आणि दोन दातांच्या मधात खोल जागा पाहिजे. वरून रॉकेलचा थेंब पाहिजे, आणि दातांना आधी मेणबत्ती घासली पाहिजे. आणि हे सगळं असलं तरी कटर "बरा" पाहिजे. बरा म्हणजे काय, हे त्यानं मला कधी धड सांगितलं नाही.

त्याचे कटर बायकोच्या जुन्या मसाल्याच्या डब्यात असायचे, सातही वाट्यांत. त्यांची नावं त्याचीच. गोल डोक्याचा तो बोंड. निमुळता तो वात. मधात फुगलेला तो कैरी. लांब दांडीच्या कटरवर त्याचा राग होता. म्हणायचा, "थो नाचते. वरातीत न्या त्याले." काही विकतचे, काही एका दातांच्या डॉक्टरनं टाकून दिलेले, आणि बरेचसे मोडक्या ड्रिलपासून त्यानं स्वतः केलेले. कापायचं यंत्रही घरचंच. जुन्या पंपाची मोटर, तिला जोडलेली लांब वळणारी केबल, आणि केबलच्या टोकाला कटर धरायची मूठ.

कुठलाही कटर हेडाला लावण्याआधी तो जर्मनच्या भांड्यावर लावून पाहायचा. सालं पडली पाहिजेत, पीठ पडता कामा नये. आता जर्मनची भांडी कुठं असतात? स्वयंपाकघरात. त्या वेळी मोटर सुरू झाली की आवाज नीट ऐकू यावा म्हणून बायकोला स्टोव्ह बंद करावा लागे. अर्धवट शिजलेला भात घेऊन ती माउली दारात उभी राहायची आणि हा कान लावून ऐकायचा. एकदा मला म्हणाली, "भाऊ, घरात एक भांडं धड नाई. परवा मोठीले पाहाले पाहुने आले, तं चहाचं भगोनं सारं गळून राह्यलं. पाहुने म्हनते, तुमच्याकडे उंदरं आहेत का?" मी हसलो. ती मात्र हसली नाही.

आठव्या दिवशी मी म्हटलं, आता बास, तुम्हाला पाहिजे तो कटर नागपूरहून आणू, पण कापा. सकाळच्या पॅसेंजरनं त्याला घेऊन गेलो. हत्यारांच्या मोठ्या दुकानात त्यानं कटरचे सगळे खोके काढायला लावले. चाळीसेक कटर असतील. खिशातून भिंग काढलं आणि एकेकाचे दात मोजायला बसला. बारा वाजले, एक वाजला. दुकानदारानं चहा पाजला. दोन वाजता तो जेवायला गेला, जेवून परत आला, तरी हा तिथंच, भिंग लावून. शेवटी उठला, अंगठे पुसले आणि दुकानदाराला म्हणाला, "एकही बरा नाई. पन चाय चांगली होती तुमची." दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याची माफी मागून पायऱ्या उतरलो. परतीच्या गाडीत मिस्त्री अगदी खूश. "आज लय काम झालं," म्हणाला. "काय काम झालं?" मी ओरडलोच. "चाळीस कटर कटले ना बाप्पा आपल्या यादीतून!" सिंदी स्टेशनच्या पुढं त्याला डब्यातून ढकलून द्यावं असं फार मनात आलं.

त्याच आठवड्यात गल्लीतला एक म्हातारा वारला. आम्ही तिरडीला खांदा दिला, मी पुढं, मिस्त्री माझ्या मागं. सगळे गंभीर, कोणी बोलत नाही. आणि माझ्या कानामागून हळूच आवाज येतो, "वात नाई चालत. वळनावर बोंडच पाह्यजे." मी दात आवळून चालत राहिलो. म्हाताऱ्याचा पोरगा नंतर मला म्हणाला, मिस्त्री मोठा भाविक दिसतो, सारी वाट काहीतरी जपत होता!

बरं, माणूस आळशी म्हणावा तर तेही नाही. पहाटे उठून भट्टी पेटवायचा. शेवटी त्यानं माझ्या हेडासाठी एक कटर स्वतःच केला. मोडक्या ड्रिलचा तुकडा घेऊन त्याला बोंडाचा आकार दिला, तिकोनी कानशीनं एकेक दात पाडला, लाल करून तेलात बुडवून पाणी दिलं, म्हणजे दात कडक केले. आठ दात. भगोन्याच्या बुडावर लावला तर नारळाच्या किसासारखी सालं पडली. हेडाच्या वाटेत आतून निळ्या रेघा ओढून ठेवल्या, कुठं किती कापायचं त्याच्या. मला वाटलं, सुटलो एकदाचा. "चला मंग, लावा," मी म्हटलं. तर म्हणाला, "उद्या. आज त्याले आराम करू दे." कटरला आराम! मी तिथंच दाराला डोकं आपटून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

तो उद्या उजाडला. धनतेरसला दोन दिवस होते. मी दुपारी पोहोचलो तर मिस्त्री पिठाच्या चक्कीवाल्याचा एक लोखंडी तुकडा घासत बसलेला. चक्कीवाला तुकडा घेऊन गेला. मिस्त्रीनं मूठ बाकड्यावर ठेवली, डबा उघडला आणि म्हणाला, "मेनबत्ती सरली. आनतो. तू हात लावजो नोको कशाले." आणि गेला. दुकान चार घरं सोडून. मी बाकड्याशी बसून राहिलो. पाव तास झाला, अर्धा झाला, तासही होत आला. तो दुकानात मेणबत्त्याही निवडत बसला असणार, हे माझ्या लक्षात आलं आणि माझी सटकली.

समोर हेड होतं. आत निळ्या रेघा होत्या. यंत्राच्या मुठीत कटर लावलेलाच होता. मला वाटलं, रेघेपर्यंत कापायचं, त्यात आहे काय एवढं? पाच मिनिटांचं काम, ह्या माणसानं त्याचा तेरा दिवसांचा यज्ञ मांडलाय. मी बटण दाबलं.

इतके दिवस त्याचं दातपुराण ऐकलं, आणि ऐन वेळी मी त्या कटरच्या दातांकडे पाहिलंसुद्धा नाही. तो चक्कीवाल्याच्या लोखंडाला लावलेला, बारीक दातांचा कटर होता. पहिल्यांदा छान चालला. मी मनात म्हटलंही, पाहा, निघतंय की! मग आवाज बदलला. पीठ पडायचं थांबलं, मूठ गरम झाली, मी अजून जोरानं दाबलं. आणि कटरनं एकदम हिसका मारला, माझ्या हातातून उसळला आणि कर्रर्र करत वाटेच्या तोंडाशी व्हॉल्व्हचं झाकण बसतं त्या गोल कडीवरून आडवा गेला. मोटर बंद करण्याचंही सुचलं नाही. कडीवर अन् कडीच्या आत जर्मनमध्ये नखभर खोल चर पडला होता. तिथं व्हॉल्व्ह आता मेला तरी नीट बसणार नव्हता. शेठ, जीपवाला, सासऱ्याचं शेत, सगळं एकदम दिसलं.

मिस्त्री आला, हातात एक मेणबत्ती. दारातच थांबला. पुढं येऊन त्यानं मोटर बंद केली. हेड उचललं, करंगळी आत फिरवली, चरावर थांबवली. मग मुठीतला कटर काढून पाहिला. दात दिसतच नव्हते, सारे जर्मननं भरून गेले होते. तो खाली बसला, सुई घेतली आणि एकेका दातातलं जर्मन उकरून काढायला लागला. मी वाट पाहत होतो की आता हा मला झापड मारेल, आईमाईवरून शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळे दात साफ झाल्यावर त्यानं कटर डब्यात ठेवला आणि म्हणाला, "चाय पेशीन?"

मी चहा न पिता घरी गेलो. बायकोला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर आलो तर माझ्या मागोमाग शेठही आला, गाडी झाली का पाहायला. मी तोंड उघडणार, तोच मिस्त्री उठून उभा राहिला. "शेठ, हेड खराब झालं. माह्या हातून घसरलं."

शेठला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यानं जो आवाज चढवला तो गल्लीतल्या सगळ्या घरांत ऐकू गेला. "पंद्रा दिन बिठा के रखा और ये किया? किस बात का मिस्त्री है तू?" दारात माणसं जमली. मिस्त्री मान खाली घालून उभा. मग शेठ माझ्याकडे वळला, "और तू? तू क्या कर रहा था?"

"त्याले काऊन बोलता?" मिस्त्री म्हणाला. "थो तं रोज येऊन घाई करे. त्याचं आयकलं असतं तं चार दिवस आधी काम झालं असतं. चुकी माही हाये."

आणि मी? मी उभा होतो. जमलेल्या माणसांच्या पायांकडे पाहत मी उभा राहिलो, आणि एक शब्द बोललो नाही. शेठनं दुसरं हेड मिळेपर्यंत जीप ठरवली आणि मला सांगितलं, तू जीपमध्ये रिळं घेऊन बस, ह्या येड्याच्या भरवशावर तू तरी काय करणार होतास? माझं काम राहिलं.

शेठ गेल्यावर मी मिस्त्रीवर तुटून पडलो. स्वतःचाच राग होता, पण निघाला त्याच्यावर. "तुमी काऊन बोलले? मी सांगनार होतो ना!"

"कटर कोनाचा होता?" तो म्हणाला.

"तुमचा."

"मशीनले कोनं लावला?"

"तुमीनं. पन..."

"मशीनले कटर लावून मीच उठलो ना? मंग तू मधात कोन बे?"

मी म्हटलं, बटण मी दाबलं. म्हणाला, बटन कोनीही दाबते, पंख्याचंही दाबते. मी म्हटलं, तुम्ही हात लावू नको म्हणाला होता. म्हणाला, असं म्हणायची पाळी आली तिथंच मिस्त्रीचं चुकलं, कटर काढून ठेवाले पाह्यजे होता. तासभर वाद घातला मी. कटर ज्यानं निवडला, कापणंही त्याचंच, यापुढं तो एक इंच सरकला नाही. माझी स्वतःची चूक माझ्या नावावर करून घ्यायला मी भांडत होतो, आणि हा हट्टी माणूस ती मला देत नव्हता! शेवटी मी पाय आपटत निघून गेलो.

पुढं काय झालं ते सांगायला मला आजही जड जातं. शेठचं तोंड मोठं, आणि रोज मध्यंतरात त्याच्याभोवती शंभर माणसं. मिस्त्रीनं हेड फोडलं, ही गोष्ट दिवाळीच्या चार दिवसांत वर्ध्यापर्यंत पोहोचली. जर्मनची हेडं यायची बंद झाली. बडनेऱ्याहून एक जण हेड पिशवीत घेऊन आला होता, तो पानठेल्यावर हे ऐकून पुढच्या गाडीनं परत गेला. मी त्याच ठेल्यावर उभा होतो. तेव्हाही बोललो नाही. बायकोला पाचवा महिना लागला होता, आणि शेठला कळलं असतं तर आता तर त्यानं मला दोन्ही गोष्टींसाठी काढलं असतं, करण्यासाठी आणि लपवण्यासाठी.

शेठचं हेड मात्र मिस्त्रीनं ठेवून घेतलं. जुनी कडी काढून नवी बसवली, चर साफ केला, आणि त्या आठ दातांच्या बोंडानं दोन्ही वाटा कोरल्या. हे होता होता होळी आली. मी मधात एकदाही घाई केली नाही. गाडी जोडली आणि पहिल्यांदा देवळीला नेली, तेव्हा रिळं इतक्या लवकर पोहोचली की ऑपरेटर अजून विडी ओढत बाहेर बसला होता. चढावर ती गाडी धाप टाकत नव्हती, गात होती. बसस्टँडवर पोरं विचारायची, कुठून काम केलं? एक जण आपणच म्हणाला, शेठनं नागपूरहून करून आणली असेल. आणि मी, गाडीवर बसलेला मी, हो म्हणालो.

मिस्त्री शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावायला लागला. तिथंही तेच. एक कात्री दिली की चार दिवस दगड निवडत बसायचा आणि शिंपी दारात बोंबलत. माझं जाणंयेणं होतं. भांडणंही होती. त्या दिवसाचा विषय काढला की तो खिशातून कटर काढून दात चाचपायला लागायचा.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. व्हिडिओ आला, देवळीचं टॉकीज बंद पडलं, मग पुलगावचंही. शेठ नागपूरला मुलाकडे गेला, त्याची गाडी कोणीतरी घेऊन गेलं. मला एका जिनिंगमध्ये ड्रायव्हरचं काम मिळालं. आता घाबरायला काही कारण उरलं नाही, तेव्हा मला हिंमत आली. असला मी शूर! एका रविवारी दुपारी मिस्त्रीकडे गेलो. तो शेडमध्ये कात्री घेऊन बसला होता, म्हणून मी सरळ मागं गेलो. वहिनी सुपात तुरीची डाळ निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. हेड मी फोडलं होतं. मिस्त्री तेव्हा दुकानात गेले होते.

त्यांचा हात थांबला नाही. "मले मालूम हाये बापा," त्या म्हणाल्या. "मोटरचा आवाज आला तं मले वाटलं हे आले. स्टोव्ह बंद कराले उठली, अन् दारातून पाह्यलं तं तू."

"मंग तुमी शेठसमोर बोलल्या काऊन नाई?"

"बोलनारच होती. आदल्या राती ह्यायले म्हटलं, सकाळी मी सांगते शेठले. तं मले म्हने, चूप राहाय. त्या पोट्ट्याचं नवं लगन हाये, बायको दोन जिवाची हाये, त्याचं काम गेलं तं थो काय करन? म्हटलं, अन् तुमचं जाईन थे? तं म्हने, माहं काय, लोकं आले नाई का मले कटर पाहाले निवांत टाइम भेटन." त्या हसल्या. मग सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकत, जशी काही हवापाण्याची गोष्ट, म्हणाल्या, "धाकटीचं लगन तेवढं चार साल मांगं गेलं. झालं मंग, चांगलं झालं."

म्हणजे कटर कोणाचा, मशीनला कोणी लावला, तू मधात कोण, हा तासाभराचा सगळा वाद! लबाड माणूस. मला राग आला, इतका राग आला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी उठलो आणि मधल्या दारातून शेडमध्ये गेलो. तो पाटावर वाकून बसला होता, एका हातात कात्री, समोर दगडांची रांग. त्याचे पाय धरावे की गचांडी धरावी, हे मला कळत नव्हतं. मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो.

त्यानं मान वर केली नाही. "सरक ना बावा तिकडं," तो म्हणाला. "उजेड अडवून राह्यला."

मी सरकलो.